युरियाचं पोतं आणि माझा टीडीएस

मार्च महिन्यातली माझी सॅलरी स्लिप बघवत नाही. जानेवारीत इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्यायची राहतात, एचआरच्या मेल्स येत राहतात, मी त्या 'नंतर बघू' म्हणून ठेवतो आणि शेवटी वर्षभराचा राहिलेला टीडीएस मार्चच्या पगारातून एकदम कापला जातो. २०२५ च्या मार्चमध्येही तेच झालं. चूक माझीच, पण राग सरकारवर. त्या दिवशी कँटीनमध्ये जेवताना विषय निघणारच होता, निघाला.

टीममधला एकजण म्हणाला, "आपण टॅक्स भरायचा आणि तिकडे शेतकऱ्यांना सगळं फुकट." दुसरा म्हणाला, "अरे, त्यांनी पिकवलं नाही तर खाशील काय, कोड?" मग नेहमीची तूतू-मैंमैं. मी मात्र त्या दिवशी तयारीत होतो. गावाकडे आमची पाच एकर जमीन आहे, त्यामुळे ऑफिसात मी शेतकरी आणि गावात मी आयटीवाला, अशी माझी दुहेरी निष्ठा. शिवाय खताच्या अनुदानावर मी काही महिने वाचत होतो आणि माझ्याकडे एक छान, सुटसुटीत उपाय तयार होता. तो मी टेबलावर मांडला. सगळ्यांना पटला. एरवी आमच्या टीमचं जेवायला कुठे जायचं यावरही एकमत होत नाही, त्यामुळे मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तो उपाय काय होता आणि दोनच दिवसांनी गावाकडे गेल्यावर त्याचं काय झालं, ते सांगतो. आधी थोडी पार्श्वभूमी. मी अर्थतज्ज्ञ नाही, पण बिल वाचता येतं.

युरियाचा सरकारी भाव टनाला ५,३६० रुपये आहे. हा आकडा नोव्हेंबर २०१२ पासून हललेला नाही. तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर वडापाव, पेट्रोल, माझ्या फ्लॅटचं भाडं सगळं वाढलं. युरिया तिथेच. ४५ किलोच्या पोत्याला २४२ रुपये. निंबोळीचं आवरण आणि कर धरून शेतकऱ्याच्या हातात ते २६६ रुपये ५० पैशांना पडतं. आणि त्या पोत्याचा खरा खर्च? २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच सांगितलेला आकडा आहे सुमारे २,२०० रुपये. म्हणजे पोत्यामागे साधारण १,९५० रुपये तुम्ही-आम्ही भरतो.

आता यातली गंमत बघा. (गंमत म्हणजे आपली नाही.) शेतकऱ्याचा भाव पक्का आणि सरकारचा हिस्सा मोकळा. युरियाच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग नैसर्गिक वायूचा, आणि वायू आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, वायूचे भाव भडकले, आणि २०२२-२३ या वर्षात देशाचं खतावरचं एकूण अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलं. त्याच वर्षी वैयक्तिक प्राप्तिकर जमा झाला सव्वाआठ लाख कोटींच्या आसपास. म्हणजे आपल्यासारख्या सगळ्यांच्या टीडीएसची जी काही एकूण बेरीज होते, तिच्या जवळजवळ तीस टक्क्यांइतकी रक्कम एका खतावर. पुढे वायू उतरला, तसा आकडाही खाली आला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो १.६७ लाख कोटी धरला होता. तरीही तो संपूर्ण कृषी मंत्रालयाच्या १.३७ लाख कोटींपेक्षा जास्त!

मला खटकते ती रक्कम नव्हे. ती किती असेल हे कुणीच ठरवत नाही, हे खटकतं. ती परदेशातला वायूबाजार आणि आपल्याकडचा खप मिळून ठरवतात.

हा प्रकार मी जवळून पाहिला आहे, कारण असा घोळ मी स्वतः घातला आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टच्या टेस्टिंगसाठी क्लाउडवर सर्व्हर लावले होते. लोड वाढला की सर्व्हर आपोआप वाढतील अशी सोय केली. 'जास्तीत जास्त किती' हा रकाना मात्र मी भरलाच नाही. लाँग वीकेंडला एक टेस्ट अडकून पुन्हापुन्हा चालत राहिली आणि सर्व्हर इमानेइतबारे वाढत राहिले. मंगळवारी बिल आलं तेव्हा मॅनेजरने आवाज चढवला नाही, फक्त एवढंच विचारलं, "मॅक्स का नाही टाकला?" युरियाच्या अनुदानाला मॅक्स नाही.

आणि मॅक्स नसलं की फक्त पैसे जातात असं नाही, वागणूकही बिघडते. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशच्या खतांना सरकारने वेगळा नियम लावला. अनुदान किलोमागे ठरलेलं, भाव वर-खाली होऊ दे. युरिया त्यातून वगळला. परिणाम? डीएपी, पोटॅश महागले आणि युरिया स्वस्तच राहिला. मग शेतकरी काय करणार, तुम्ही-मी जे केलं असतं तेच. नत्र, स्फुरद, पालाश यांचं देशपातळीवर ४:२:१ असं ढोबळ प्रमाण चांगलं मानतात. २००९-१० मध्ये आपण ४.३:२:१ वर होतो, म्हणजे जवळपास बरोबर. २०१२-१३ मध्ये ते ८.२:३.२:१ झालं. तीन वर्षांत. जमिनीचा पोत बिघडला त्याचा हिशेब तर कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

बरं, हे सगळं निदान गरीब शेतकऱ्याला तरी मिळतं का? २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीत याचा हिशेब मांडला होता. युरियावरच्या सुमारे ५० हजार कोटींपैकी छोट्या शेतकऱ्यापर्यंत पोचतात साडेसतरा हजार कोटी, म्हणजे ३५ टक्के. बाकीचे अकार्यक्षम कारखाने, मोठे शेतकरी, सीमेपलीकडची तस्करी आणि उद्योग यांच्यात जातात. (प्लायवूडच्या गोंदात युरिया लागतो, हे मला तेव्हा कळलं.) निंबोळी आवरणाची सक्ती आली ती २०१५ मध्ये, यातली चोरी कमी व्हावी म्हणूनच.

शिवाय मोठा-छोटा एवढाच फरक नाही, पाणी असलेला आणि नसलेला हाही फरक आहे. शिफारशीप्रमाणे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र लागतं. सगळं युरियातून दिलं तर एकरी पाच पोती. आडसाली उसाला ४०० किलो, म्हणजे एकरी जवळपास आठ पोती. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ५० किलो, एकरी एक पोतं. आता प्रत्येकाला १,९५० ने गुणा. आडसालीवाल्याला एकराला पंधरा हजारांहून जास्त, ज्वारीवाल्याला दोन हजारही नाहीत. ज्याच्याकडे विहीर, कालवा, वीज, त्याला अनुदानही जास्त. आणि ज्याच्याकडे फक्त आभाळ, त्याला एक पोतं.

तर माझा कँटीनमधला उपाय असा होता. आपल्याकडे हे एकदा झालेलं आहे, गॅस सिलिंडरच्या बाबतीत. सप्टेंबर २०१२ मध्ये वर्षाला सहा सिलिंडरची मर्यादा आली, केवढा आरडाओरडा झाला. जानेवारी २०१३ मध्ये नऊ झाले, २०१४ मध्ये बारा. मग पैसे थेट खात्यात. मग दहा लाखांपेक्षा जास्त करपात्र उत्पन्नवाल्यांची सबसिडी बंद. कुणी उपाशी राहिलं नाही. तसंच खताचं करा. १.६७ लाख कोटी भागिले देशाचं निव्वळ पेरणी क्षेत्र, सुमारे १४ कोटी हेक्टर. हेक्टरी बारा हजारांच्या जरा आत, एकरी साधारण ४,८०० रुपये. ते शेतकऱ्याच्या खात्यात टाका, खताचे भाव मोकळे सोडा. सरकारचं बिल वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत. ज्वारीवाल्याचा फायदा, उसाला लगाम, तस्करीचा धंदा बंद. ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्येच हेक्टरी सात हजार रुपये थेट द्यावेत असं सुचवलं होतं. मी फक्त आकडा ताजा केला.

सगळ्यांना पटलं, हे वर सांगितलंच.

त्या शनिवारी बाबांबरोबर गावी गेलो. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, उजनीच्या पाण्याच्या जरा अलीकडे-पलीकडे. म्हणजे शेजाऱ्याकडे कालवा आणि आमच्याकडे विहीर, असं. बाबा नोकरीतून निवृत्त होऊन पुण्यात राहतात. शेत तात्या करतात, खंडाने. खंड म्हणजे वर्षाला ठरलेले पैसे ते आम्हाला देतात. बी, खत, मजुरी, पीक, नफा-तोटा सगळं त्यांचं. हा व्यवहार दर पाडव्याला होतो. तोंडी. बाबा चहा घेतात, तात्या पैसे देतात, बाबा ते न मोजता खिशात ठेवतात. पंधरा वर्षं चाललंय.

तात्यांना त्या दिवशी उसाला टाकायला युरिया आणायचा होता. मी म्हटलं, मीही येतो. मला पॉस मशीन बघायचं होतं. २०१८ पासून देशभर खताची विक्री या मशीनवर होते. आधार नंबर, अंगठा, मग पावती. याला डीबीटी म्हणतात, पण पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जात नाहीत. शेतकऱ्याचा अंगठा लागला की कंपनीच्या खात्यात जातात.

तालुक्याच्या दुकानात गर्दी होती. तात्यांचा अंगठा काही मशीनला लागेना. एकदा, दोनदा, पाचदा. रुमालाने पुसला, केसांवर घासला.

"अंगठा झिजलाय रं माझा. ह्याला दिसंना," तात्या मला म्हणाले.

शेवटी मधलं बोट लागलं. पाच पोती युरिया. दुकानदाराने बरोबर दोन बाटल्या कसल्यातरी द्रवरूप खताच्या ठेवल्या. तात्यांनी त्या मागितल्या नव्हत्या. मी विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, "लिंकिंग. ह्या घेतल्या तरच युरिया. ऱ्हाऊ दे, बोलू नको, पुन्यांदा हितंच यायचंय." म्हणजे २६६ रुपये ५० पैसे हा जो पवित्र आकडा आपण बारा-तेरा वर्षं जपतो आहोत, तो दुकानाच्या काउंटरवर येईपर्यंत असा फुगलेला असतो. वस्तू भलतीच स्वस्त ठेवली की ती मिळवण्याची किंमत दुसरीकडून वसूल होते, हे इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला इकॉनॉमिक्सच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. प्रत्यक्षात त्या दोन बाटल्यांचे पैसे तात्यांनी मोजले.

परत येताना टेंपोत पोत्यांवर बसून मी तात्यांना माझा उपाय समजावला. एकरी चार हजार आठशे, थेट खात्यात, युरिया बाजारभावाने. तात्यांनी शांतपणे ऐकलं. हिशेबाला ते माझ्यापेक्षा पक्के आहेत. मग म्हणाले,

"कुनाच्या खात्यात?"

"शेतकऱ्याच्या."

"म्हंजी? सातबारा तर तुमचाच हाय न्हवं?"

मी गप्प बसलो. खरंच सांगतो, महिनोन्महिने वाचलेल्या रिपोर्टांमध्ये हा प्रश्न कुठेतरी असणारच, पण मी तो ओलांडून पुढे गेलो होतो. कारण माझ्या डोक्यात शेतकरी म्हणजे सातबारावर ज्याचं नाव तो. आणि आमच्या सातबारावर बाबांचं नाव आहे, माझंही आहे.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. तात्या आमची पाच एकर करतात, दोन एकर सुरू ऊस आणि तीन एकर ज्वारी. त्यांची स्वतःची एक एकर, तीही ज्वारीच. शिफारशीच्या हिशेबाने वर्षाला चौदा पोती युरिया. आज त्यांच्यामागे सरकारचे साधारण सत्तावीस हजार रुपये खर्च होतात, आणि ते त्यांना मिळतात, कारण मशीन फक्त अंगठा मागतं, सातबारा मागत नाही. माझा उपाय लागू केला तर युरिया २,२०० ला. तात्यांचा खर्च सत्तावीस हजारांनी वाढणार, आणि खात्यात येणार त्यांच्या एक एकराचे ४,८००. उरलेल्या पाच एकरांचे २४ हजार कुणाला? हिंजवडीत एसीत बसून अनुदानावर मर्यादा घाला म्हणणाऱ्या मला!

म्हणजे करदात्याचे पैसे वाचवायला निघालेला माझा उपाय शेवटी करदात्याच्याच, म्हणजे माझ्याच, खिशात पैसे घालत होता. काढून घेत होता तो फक्त तात्यांकडून.

हे काल्पनिक नाही. तेलंगणात २०१८ मध्ये रयतु बंधू योजना आली, हंगामाला एकरी चार हजार रुपये. जमिनीच्या मालकाला, किती एकर याला वरची मर्यादा नाही आणि खंडाने कसणाऱ्याला काही नाही. केंद्राची पीएम-किसान २०१९ मध्ये आली. तिथेही जमीन नावावर हवी. (तिथे प्राप्तिकर भरणाऱ्याला वगळलं आहे, म्हणून आम्ही सुटलो. तात्यांना त्यांच्या एका एकरावर मिळतात.) महाराष्ट्रात आता जो शेतकरी ओळख क्रमांक काढतात, तोही जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. त्या नोंदीत तात्या एक एकराचे शेतकरी आहेत. करतात सहा एकर.

आमच्या कामात याला चुकीची की निवडणं म्हणतात. वेबसाइटवर कुणी फार वेळा धडका मारू नये म्हणून मर्यादा घालतात. ती प्रत्येक आयपी ॲड्रेसवर घातली, तर एका गोडाऊनमधून एकाच कनेक्शनवर काम करणारी चाळीस प्रामाणिक माणसं अडकतात, आणि दर मिनिटाला पत्ता बदलणारा चोर आरामात आत जातो. मर्यादा किती, यावर आम्ही तासन्‌तास मीटिंगा करतो. मर्यादा कशावर, हा प्रश्न कुणीतरी ज्युनियर घाबरत विचारतो. आमच्या टेंपोत तो तात्यांनी विचारला.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "तात्यांशी कागदावर करार करू या ना. म्हणजे उद्या असं काही आलं तर पैसे त्यांना जातील."

बाबा म्हणाले, "लिहून दिलं की कूळ लागतं."

बस. चार शब्दांचं उत्तर... पाच म्हणा. आणि हे बोलणारा माणूस वाईट नाही, कंजूष नाही. तात्यांच्या मुलीच्या लग्नात बाबा दोन दिवस राबले आहेत. पण कूळकायद्याची भीती आमच्याकडच्या प्रत्येक जमीनमालकाच्या रक्तात आहे. मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम, १९४८. त्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक झाली.

आता खरी मेख सांगतो. ही पाच एकर आमच्याकडे आली कशी? पणजोबा कूळ होते. दुसऱ्याची जमीन कसत होते. '३२ ग'चे कागद अजून आमच्या ट्रंकेत आहेत. ज्या कायद्याने आम्हाला शेतकरी केलं, त्याच कायद्याच्या भीतीने आम्ही आज तात्यांचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देत नाही. पणजोबांच्या जमीनमालकानेही तेव्हा तोंडीच व्यवहार ठेवायचा प्रयत्न केला असेल का? मी बाबांना हे विचारलं नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी कशाला!

असो. तर मग अनुदानाला मर्यादा घालूच नये का? मी तसं म्हणणार नाही. मॅक्स हवंच. ते नसलं की काय होतं ते वर सांगितलं. पण माझा क्रम बदललाय. आधी मी म्हणत होतो पैसे आधी, कागद नंतर. आता म्हणतो:

१. सगळ्यात आधी पोत्यांना मर्यादा, अंगठ्यावर. आर्थिक पाहणीने २०१६ मध्येच हे सुचवलं होतं, कुटुंबामागे स्वस्त पोती ठराविकच. मशीन आहे, आधार आहे. वर्षाला पंचवीस पोती २६६ रुपयांना, त्यापुढचं पूर्ण भावाने. पंचवीस म्हणजे पाच एकर सुरू उसाला पुरतील इतकी. तात्यांना चौदा लागतात, त्यांना धक्काही लागत नाही. पळवाटा निघतील, मोठे लोक दहा जणांचे अंगठे उसने आणतील, मान्य. पण आज तर उसने आणायचीही गरज नाही.

२. कसणाऱ्याची नोंद. त्यासाठी मालकाची भीती आधी घालवावी लागेल. मी पुण्यात ज्या वन बीएचकेत राहतो त्याचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार आहे. एजंट घरी लॅपटॉप घेऊन आला, दोघांचे अंगठे घेतले, अर्ध्या तासात नोंदणी. घरमालकाला एक क्षणही वाटलं नाही की मी फ्लॅट बळकावीन. शेताला हे का नाही? नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार करून ठेवला आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांच्या कराराचा कायदा केला, मालकी हक्काला हात न लावता. तिथे मालकाची सही लागते आणि मालक सही द्यायला कचरतात, ही अडचण उरलीच. बाबांकडे बघून मला ती कळते. पण निदान सही कशावर करायची तो कागद तरी तिथे आहे.

३. हे झाल्यावरच एकरी ठराविक रक्कम, कसणाऱ्याच्या खात्यात, पाच एकरांपर्यंत. युरियाचा भाव एकदम नाही, दरवर्षी थोडा थोडा वर. रक्कम किती, ते संसदेत दरवर्षी उघडपणे ठरावं. यात उसाच्या एकराचं नुकसान होईल, तात्यांच्या दोन एकरांचंही. त्यांच्या ज्वारीच्या चार एकरांचा फायदा होईल. ते मला योग्य वाटतं, आणि मी ते तात्यांना तोंडावर सांगितलंही. "बघू," म्हणाले.

आणि करदाता, करदाता म्हणून आपण जे कॉलर ताठ करतो त्याबद्दलही थोडं. खताचे पैसे फक्त टीडीएसमधून जात नाहीत. तात्या बिस्किटाचा पुडा घेतात त्यावर जीएसटी आहे, टेंपोच्या डिझेलवर कर आहे. ते करदातेच आहेत, त्यांना फॉर्म १६ मिळत नाही एवढंच. दुसरं म्हणजे, ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातच बंद होती. त्या काळात आपण पुण्यात कांदा स्वस्त खाल्ला. ती सबसिडी आपल्याला कांदेवाल्या शेतकऱ्याने दिली, आणि ती कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. शरद जोशी 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होते ते हेच. खताचं अनुदान आवळायचं असेल तर हा हातही सोडावा लागेल. एका हाताने देणं बंद आणि दुसऱ्या हाताने घेणं चालू, असं नाही चालणार.

पाडव्याला सकाळी तात्या आले. गुढी झाली, कडुनिंब-गूळ झालं, चहा झाला. त्यांनी पैसे दिले, बाबांनी न मोजता खिशात ठेवले. मी मध्येच म्हटलं, "बाबा, निदान अकरा महिन्यांचा..." बाबांनी माझ्याकडे बघितलं, तात्यांनी दुसरीकडे बघितलं. मी चहाचे कप आत नेले.

सोमवारी कँटीनमध्ये मित्राने विचारलं, "काय, झाली का तुझी स्कीम लागू?" मी म्हटलं, "बग सापडलाय." तो हसला. त्याची सांगलीकडे तीन एकर आहे, मी विचारलं कोण करतं? म्हणाला, "आहे एकजण. वाट्याने." कागद? "छे, कागद कशाला?"

आमच्या टेबलावर आठजण बसतो. त्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं. पाच जणांच्या नावावर किंवा वडिलांच्या नावावर कुठे ना कुठे जमीन निघाली. पाचही ठिकाणी दुसरं कुणीतरी कसतं. कागद एकाकडेही नाही. अनुदानाला मर्यादा घाला, असं सगळ्यात मोठ्याने आम्हीच म्हणत होतो.

तुमच्या टेबलावर किती निघतात ते एकदा विचारून बघा. आणि मी? पुढच्या पाडव्याच्या आत बाबांशी पुन्हा बोलायचं ठरवलंय. या वेळी प्रूफसारखं 'नंतर बघू' म्हणून ठेवायचं नाही.